आयच्या पायापुरती जागा

इगतपुरीला जाऊन आलेली माणसं घाटातल्या धुक्याचं आणि बोगद्यांचं वर्णन करतात. मला ते जमणार नाही. मी इगतपुरीला निघाले होते आणि शहापूरहून परत आले. तरीही हे लिहिते आहे, कारण या प्रवासाचा बराचसा भाग आमच्याच वसई तालुक्यात झाला आणि तो मी लोकांच्या मोटारींत डोकं घालून, सीटवर दोरी धरून केला. मोटारीच्या आत माणसाला किती जागा मिळते, याचा इतका विचार मराठी शाळेतल्या दुसऱ्या कुठल्या बाईंनी केला असेल असं मला वाटत नाही. त्या विचाराचा काडीचा उपयोग झाला नाही, ते पुढे येईलच.

गिरीज

माझी आय, रजीन, वाडीतल्या बावखलाच्या पायऱ्यांवरून घसरून पडली. बावखल म्हणजे आमच्या बागांना पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. खुबा मोडला, डॉक्टरांनी आत सळई घातली. हाड जुळलं, पण उजवा गुडघा कायमचा ताठ झाला आणि कंबर जेमतेम अर्धी वाकायची. तिला सरळ खुर्चीत बसता येईना. ओटीवरच्या कापडी आरामखुर्चीत पाठीला उशी आणि पायाखाली बाकडं, अशी अर्धी बसून अर्धी झोपून ती दिवस काढायची. तिथूनच वाडीतल्या गड्यांवर ओरडायची.

आयची धाकटी बहीण मोनी. आजी लवकर गेली म्हणून आयनेच तिला वाढवली. पुढे मोनीमावशी सिस्टर झाली आणि इगतपुरीजवळच्या एका मठात राहिली. त्या एप्रिलमध्ये तिच्याच मठातली एक सिस्टर रजेवर वसईला माहेरी आली होती. ती मुद्दाम आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मोनी सिस्टरची छाती फार बिघडलीय. डॉक्टर आता आशा देत नाहीत. भेटायचं असेल तर लवकर या."

आय म्हणाली, "मना मोनीला बघायचंय." एवढंच.

रेल्वेत चढवायचं तर डब्याच्या पायऱ्या आणि आतलं बाकडं, दोन्ही अशक्य. ॲम्ब्युलन्स मागवू म्हटलं तर आय म्हणाली, "मोनी म्हनल, रजीन माज्याआधी मेली." माझा भाऊ इनास मुंबईत ऑफिसात नोकरी करतो आणि सगळ्या प्रश्नांना उत्तर असतंच असं समजतो. त्याने केळी वाहणारा टेम्पो सुचवला, मागे गादी घालून. 

"टेम्पोतून केळी जातात," आय म्हणाली. "मी केळीचा घड नाय."

म्हणजे मोटार हवी. कुठली? इनासने केळीच्या सोपाची, म्हणजे वाळलेल्या सालपटाची, दोरी घेतली, विड्याच्या पानांच्या जुड्या बांधतो ती. आयच्या पाठीमागच्या उशीपासून टाचेपर्यंत ताणली आणि गाठ मारणार, तोच आय म्हणाली, "चार बोटं जास्ती ठेव. पाय हालवाया लागतो." त्याने चार बोटं पुढे गाठ मारली. आयने त्याच मापाची दुसरी दोरी कापायला लावली आणि ती सिस्टर मठात परत निघाली तेव्हा तिच्या हातात दिली. "मोनीला दे. म्हनावं, एवढी जागा ठेव माज्यासाठी."

पापडी

पहिली मोटार लोपीस मास्तरांची फियाट. मास्तर माझ्याच शाळेतले. त्यांनी गाडी इतकी जपलेली की सीटवरचा दुकानातला प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून तसाच होता. बसल्यावर तो मांडीला चिकटायचा आणि उठताना आवाज करायचा. पुढची सीट आटोपशीर, मागची गुबगुबीत. चौघांचं कुटुंब रविवारी चर्चमध्ये मिसाला जायचं तर याहून चांगली गाडी नाही, हे मी आजही सांगेन.

पण आमचं कुटुंब चौघांचं नव्हतं, एका पायाचं होतं. आयला मागच्या सीटवर आडवं बसवायचं, पाठ एका दाराला, टाच दुसऱ्या दाराकडे. मी स्वतः तशी बसले, इनासने दोरी धरली. गाठ दाराच्या बाहेर गेली.

"उशी काढा," मास्तर म्हणाले.

उशी काढली. गाठ आत आली, पण काच खाली करायची मूठ माझ्या पाठीच्या कण्यात रुतली. मी दहा श्वास मोजले आणि उठले. मास्तरीणबाईंनी लिंबाचं सरबत दिलं आणि आयच्या नावाने माळ जपीन म्हणाल्या. घरी आलो तर आय ओटीवर वाट बघत होती.

"किती कमी पडली?"

इनासने हाताची वीत दाखवली. आयने मान हलवली आणि गड्याला हाक मारली.

चंदनसार

त्या वर्षी नवी छोटी गाडी नुकती कुठेकुठे दिसायला लागली होती. लोक नंबर लावून थांबले होते. इनासच्या ऑफिसातले सामंत विरार पूर्वेला चंदनसारला राहायला आलेले. त्यांना ती मिळाली होती. आम्ही बसने विरारला गेलो आणि पूर्वेला उतरून चालत निघालो. भाताच्या शेतात मध्येच एखादी नवी इमारत उभी, तिच्याभोवती वाळूचे ढीग. आमच्याकडे घर आधी आणि मग त्याच्याभोवती वाडी वाढते, इथे झाड दिसत नव्हतं आणि बिऱ्हाडं येऊन पोचली होती. बायका टँकरच्या पाण्यासाठी हंडे घेऊन उभ्या होत्या. मला आपल्या बावखलाची आठवण झाली आणि लगेच आयच्या पायऱ्यांची.

गाडी लाल होती, सामंत तिच्याकडे बघताना आवाज खाली आणायचे. आत नव्या प्लॅस्टिकचा वास. पुढे दोन स्वतंत्र सीटा, खालची पट्टी दाबली की मागेपुढे सरकतात, पाठही मागे पडते. अशी सोय मी तोवर फक्त दाताच्या डॉक्टरकडे पाहिली होती.

"ताई, सीट फुल मागे घ्या, पाठ पाडा, आई मस्त झोपून जातील," सामंत म्हणाले. "आमची मिसेस तर डुलकीच काढते."

मी आडवी झाले. खरंच सुख होतं. क्षणभर वाटलं, जमलं. मग मी उजवा पाय ताठ केला आणि चपलेचं टोक पुढच्या फळीला भिडलं. पाय जराही वर घेता येईना, बाजूला वळवता येईना. मागच्या सीटवर दोरी धरून बघण्याची गरजच नव्हती, तरी धरली. इतकी गाठ बाहेर राहिली की सामंतांनाच वाईट वाटलं.

"आम्हाला पुरते हो," ते ओशाळून म्हणाले. "दोन आम्ही, दोन पोरं."

पुरणारच. गाडी चांगली होती, गुडघे वाकणाऱ्यांसाठी केलेली होती. जगातल्या सगळ्या गाड्या गुडघे वाकणाऱ्यांसाठीच केलेल्या असतात, हे मला त्या दिवशी कळलं आणि परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. समोर एक म्हातारी दोन्ही पाय पोटाशी घेऊन सीटवर बसली होती. मी तिच्या गुडघ्यांकडे हेव्याने बघत होते.

आयने विचारलं, "किती कमी पडली?" इनास हातपाय धुवायला निघून गेला.

अर्नाळा

मग कुणीतरी हिराबायचं नाव सांगितलं. हिराबाय अर्नाळ्याची, घरच्या दोन बोटी, मासळीचा मोठा धंदा आणि दारात एक जुनी अँबॅसिडर. गेलो तेव्हा ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायच्या वलांडींजवळ उभी राहून बायकांना कामाला लावत होती. मागे समुद्रात किल्ला, वर कावळे, आणि वासाचं काय सांगू. आम्ही वाडीवाले मासळी खातो भरपूर, पण ती वाळत असताना तिच्याजवळ उभे राहत नाही. हिराबायला आमची तोंडं बघून हसू आलं.

"गाडीला पन येल वास," ती म्हणाली. "पन जागा हाय. बघ बसून. आमी यात टोपल्या नेतो, मानसा नेतो, बालंतीन पन नेली."

मागची सीट म्हणजे आडवा पलंगच. रेक्झिन दोन ठिकाणी फाटून आतला काथ्या दिसत होता, स्प्रिंगा कुरकुरत होत्या. मी दाराला पाठ लावली, पाठीला उशी घेतली, पाय ताठ केला. इनासने दोरी ताणली. गाठ सीटवरच राहिली आणि गाठीच्या पुढे तळहात मावेल एवढी जागा उरली. इनासने मला दोनदा उठवून पुन्हा बसवलं. दोन्ही वेळा उरली. शिवाय दोन्हीकडची दारं सताड उघडत होती, म्हणजे एकाने इकडून धरायचं, दुसऱ्याने तिकडून ओढायचं.

"भाडं काय द्यायचं?" इनासने विचारलं.

"बहिनीला भेटवाया भाडा घेऊ?" हिराबाय म्हणाली. "डिझेलपानी तुमचा. माजा भाचा गनपत चालवील. दुसऱ्याच्या हातात मी गाडी देनार नाय."

गाडी डिझेलची नव्हती, पेट्रोलची होती, पण ते सांगायचं भान कुणाला होतं? त्या संध्याकाळी आयने विचारलं तेव्हा इनासने तळहात दाखवला आणि म्हणाला, "उरली!" आयने त्याचा हात धरला आणि त्या तळहाताकडे बघत राहिली. एवढी खूश मी तिला पडल्यापासून पाहिली नव्हती.

निघण्याची सकाळ

आता आमच्या लोकांची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. वाडीतला माणूस नातेवाइकाकडे रिकाम्या हाताने जात नाही. गावातून सिस्टर किंवा फादर होऊन गेलेल्या माणसाकडे जायचं असेल तर अख्खी आळी काही ना काही धाडते, कारण ते माणूस एका घराचं राहिलेलं नसतं. आणि म्हाताऱ्या बाईने लांब जायचं तर घराण्यातली दुसरी मोठी बाई सोबत हवीच. यात वाईट काहीच नाही. मी स्वतः शाळेत मुलांना हेच शिकवते.

चर्चची प्रभातघंटा झाली तशी माणसं यायला लागली. नारळ आले. तांदळाच्या रोट्यांचं फडकं आलं. सुकेळ्यांचे पुडे, लोणच्याच्या बरण्या, मठाच्या चॅपेलसाठी मेणबत्त्या. डिकी भरली. खुद्द हिराबायने गणपतबरोबर सुक्या मांदेलीची पिशवी धाडली होती. शेवटी इनास वाडीतून राजेळी केळ्यांचा घड घेऊन आला, आयने स्वतः महिनाभर नजर ठेवून राखलेला, पोचायच्या दिवशी नेमका पिकेल असा.

"डिकीत ठेव," मी म्हटलं.

"डिकीत उकडून काळा पडल," आय म्हणाली. "आत घे."

घड आत आला, मागच्या सीटच्या खाली, आयच्या पायाच्या अंगाला. आणि मग कोंसूकाकी आली, माझ्या काकाची बायको, लाल लुगडं, सोन्याचे दागिने, काखेत बोचकं.

"काकी कुठे बसणार?" मी विचारलं. पुढे गणपत, इनास आणि मी, माझ्या मांडीवर टोपली.

"रजीनच्या पायाशी," काकी म्हणाली. "पाय घेते मांडीवर. लेकरासारखा नेते."

"अगं, दोरी लावून लावून जागा शोधलीय," माझा आवाज चढला. "पंधरा दिवस आम्ही चार बोटांसाठी हिंडतोय. काकी, तू एसटीने ये."

 काकीचं तोंड पडलं. आणि गाडीत मागे बसवलेल्या आयनेच स्वतःच्या पाठीमागची उशी ओढून काढली.

"उशी नको मना. बस गो कोंसू," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "मोनी काय म्हनल? एकटी आली, रित्या हातानं आली?"

मी अजूनही भांडले असते. पण ज्या पायासाठी भांडायचं तोच पाय मोठेपणा दाखवत होता, तिथे मी काय करणार?

कामण ते शहापूर

चिंचोटीवरून कामणच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. दोन्हीकडे जंगल, रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका पळसाच्या पानांवर करवंदं घेऊन बसलेल्या. काकीने गाडी थांबवून करवंदं घेतली, म्हणजे आणखी एक पुडा आत आला. आय हसत होती, मोनी लहानपणी करवंदं खाऊन लुगड्याला तोंड कसं पुसायची ते सांगत होती. भिवंडीला यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. तिथून पुढे आय बोलायची थांबली.

मी आरशात बघत होते. काकीच्या मांडीवरचा पाय सीटपेक्षा उंच राहिला होता. प्रत्येक खड्ड्याला काकी तो दोन्ही हातांनी दाबून धरायची, जपण्यासाठीच. पाठीला उशी नव्हती, दाराची मूठ होती. पायाखाली घड असल्याने डावा पाय टेकायला जागा नव्हती, तोही अधांतरी. गाडीत बोंबलाचा आणि पिकत आलेल्या केळ्यांचा वास कोंडला होता.

"आय, दुखतंय का?"

"नाय."

पडघ्याला पुन्हा विचारलं. "नाय गो. चला." वाशिंदला विचारलं तेव्हा डोळे मिटून ती पुटपुटत होती. मी कान दिला तर माळेची प्रार्थना होती आणि ती तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती, पुढे सरकत नव्हती.

शहापूर

शहापूरला हमरस्त्यावरच्या एका चहाच्या टपरीपाशी मी गाडी थांबवायला लावली. दार उघडलं तर पाय घोट्यापासून वर टम्म सुजलेला आणि आयचा चेहरा मेणासारखा. टपरीवाली बाई धावत आली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी खुर्ची पुढे करतात. त्या बाईने एक शब्द न विचारता आतून बाज आणली, झाडाखाली टाकली, वर गोधडी पसरली. आम्ही चौघांनी आयला तिच्यावर आडवी केली. आयने श्वास सोडला आणि म्हणाली, "हे बरं हाय." सुंभाने विणलेली साधी बाज, तिच्यावर आयच्या दोन्ही बाजूंना जागा होती.

बाईने गावातला डॉक्टर बोलावून आणला. त्याने खुब्यापाशी हात लावला तेव्हा आय ओरडली, तो आवाज मी विसरू शकत नाही. "सळई सरकली असावी," डॉक्टर म्हणाला. "घाट चढायचा विचारसुद्धा करू नका. सरळ ठाण्याला न्या, एक्सरे काढा."

"इगतपुरी किती लांब राहिली?" आयने त्याला विचारलं.

"तासा-दीड तासाची वाट आहे, आजी. पण नाही."

बाईने चहा आणला. कुणी प्यायलं नाही. काकी रडायला लागली. आय तिच्याकडे बघत म्हणाली, "रडू नको. एसटी पकड. तू जा. घड घेऊन जा, उद्यापासून केळी काळी पडतील."

"मी एकटी जाऊन काय करू?"

"मोनी वाट बघते. कोन तरी पोचाया पायजे."

गणपतने नारळ, रोट्या, बरण्या, मेणबत्त्या, सगळं एसटीच्या टपावर चढवलं. घड मात्र आयच्या सांगण्यावरून आत, काकीच्या शेजारी खिडकीपाशी ठेवला. कंडक्टरने कुरकुर केली, पण काकीने घडाचं तिकीट काढते म्हटल्यावर तो गप्प बसला. एसटी घाटाकडे निघून गेली. खिडकीतून लाल लुगडं आणि घडाचं टोक दिसत होतं.

मग आम्ही आयला मागच्या सीटवर ठेवली. पाठीला काकीचं बोचकं, ते घाईत गाडीतच राहिलं होतं. पाय ताठ, दुसरा पाय मोकळा. टाचेपुढे तळहात मावेल एवढी जागा उरली, अर्नाळ्याला उरली होती तशीच. ठाण्यापर्यंत मी मागे वळून बघायचं टाळलं.

पुन्हा गिरीज

सळई सरकलीच होती. आयला पुन्हा प्लॅस्टर घातलं आणि आता आरामखुर्चीही बंद झाली, नुसती खाट. मोनीमावशी पावसाळा संपायच्या आत गेली. त्याबद्दल मी लिहिणार नाही. कोंसूकाकी परत आली त्या दिवसाचं तेवढं लिहिते.

काकी आली ती भरभरून बोलायलाच. मोनी किती वाळलीय, पण आवाज तोच. केळ्याचा पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, ही बावखलाकडची राजेळी. सगळ्या सिस्टरांना एकेक वाटली. आय खाटेवरून छताकडे बघत ऐकत होती.

"आनि रजीन," काकी म्हणाली, "तुज्यासाठी खुर्ची करून ठेवलेली तिनं. सुताराकडून. पाठ मागं पडलेली, पायासाठी पुढं लांब फळी, वर गादी शिवून. तू दिलेली ती दोरी लावून माप घेतलं म्हने. आपल्या खाटेशेजारीच ठेवलेली, म्हंजे तोंडाशी तोंड येल."

मी काकीला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं. तिला कळलं नाही.

"मोनी म्हनली, कोंसू, तूच बस, रिकामी बघवत नाय. मग बसली मी. दोन दिवस तिथंच बसून बोललो आमी."

"कशी हाय बसाया?" आयने विचारलं.

"ऐसपैस गो! पन मी बुटकी. माजी टाच पोचत नव्हती टोकाला."

आयने खाटेवरून हात वर केला. "टाचेपुढं किती उरली?"

काकीने अंदाजाने वीत दाखवली. आयने त्या वितीकडे बघितलं, आपली चार बोटं जुळवून तिच्या शेजारी धरली.

"मना एवढी उरली असती," ती म्हणाली.